दुबईतले भाड्याचे घर: सात टक्क्यांचे तीन कसे होतात

पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दुबईतल्या घरांची प्रदर्शने भरतात. काचेच्या पेटीत इमारतीची प्रतिकृती असते, टेबलावर गुळगुळीत कागदाची माहितीपत्रके असतात आणि त्यांवर दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: वर्षाला सात टक्के भाडे आणि कर शून्य. पुण्यातल्या फ्लॅटचे वर्षाचे भाडे किमतीच्या जेमतेम तीन टक्के भरते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा आकडा मोहात पाडतो यात नवल नाही. दोन्ही विधाने आपापल्या जागी चुकीची नाहीत. मात्र सात टक्के हे खर्च वजा करण्यापूर्वीचे असतात आणि शून्य कर हा तिथला असतो. महाराष्ट्रात राहून, इथे आयकर भरून तिकडे घर घेणाऱ्याच्या हाती त्यातले किती उरते, हा हिशेब निराळा आहे आणि तो कागदावर सही करण्याआधी मांडायला हवा.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात घर घेण्याची कायदेशीर मुभा आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे बँकेच्या भाषेत एलआरएस, सुरू केली तेव्हा वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवता येत होते. २०१५ पासून ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलर अशी आहे. ती व्यक्तीला आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाला किंवा कंपनीला नाही. ही मुभा कायमची गृहीत धरू नये, कारण ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया वेगाने घसरत असताना मर्यादा ७५ हजार डॉलरवर आणली गेली होती आणि एलआरएसच्या पैशातून परदेशात घर घेण्यावर बंदी आली होती. ती जुलै २०१४ मध्ये उठली. चार-पाच वर्षे हप्ते भरत राहण्याचा करार करणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. कोथरूडमध्ये राहणारे एक पती-पत्नी आहेत असे समजा. त्यांनी दुबईच्या जुमेरा व्हिलेज सर्कल या भागात ७०० चौरस फुटांचा, एक बेडरूमचा तयार फ्लॅट पाहिला आहे आणि त्याची किंमत ९ लाख दिरहम सांगितली आहे. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची पद्धत खरी आहे. दिरहम हा १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्यामुळे डॉलरची मर्यादा दिरहममध्ये सहज मांडता येते: २ लाख ५० हजार डॉलर म्हणजे ९ लाख १८ हजार दिरहम. याचा अर्थ, ९ लाखांचा फ्लॅट पतीच्या एकट्याच्या मर्यादेत बसतो असे वाटते. पण दुबईच्या भूमी विभागाची नोंदणी फी किमतीच्या ४ टक्के, म्हणजे ३६ हजार दिरहम. दलालाची दलाली २ टक्के आणि तीवर ५ टक्के व्हॅट, म्हणजे १८ हजार ९०० दिरहम. नोंदणी कार्यालयाचे शुल्क, मालकीपत्राची फी वगैरे मिळून आणखी सुमारे ५ हजार. एकूण रक्कम होते ९ लाख ६० हजार दिरहम, म्हणजे २ लाख ६१ हजार डॉलरच्या वर. एका माणसाची वर्षाची मर्यादा इथेच ओलांडली.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. कुटुंबातल्या व्यक्तींना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. मात्र गुंतवणुकीसाठी ज्याचा पैसा जातो त्याचे नाव मालकीतही असावे लागते. म्हणून करार पती-पत्नी दोघांच्या नावाने करावा आणि प्रत्येकाने आपल्या खात्यातून आपला वाटा पाठवावा. बँकेत ए-२ हा अर्ज भरताना परदेशातल्या स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक हाच उद्देश नोंदवावा. घरखर्चासाठी किंवा नातेवाइकाला भेट म्हणून पाठवतो असे लिहून पैसे पाठवणे आणि तिथे त्यातून घर घेणे, ही वाट काही दलाल सहज सुचवतात. त्यावर चालणारा माणूस पुढे घर विकून पैसा परत आणताना अडकतो, कारण पैसा कोणत्या कारणासाठी बाहेर गेला याचा माग त्याच्याच सहीने खोटा झालेला असतो.

कर्जाचा प्रश्न याहून नाजूक आहे. एलआरएसखाली अशा भांडवली व्यवहारासाठी भारतातल्या बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट दंडक आहे. दुबईतली बँक परदेशी खरेदीदाराला कर्ज द्यायला तयार असते, पण भारतातल्या निवासी व्यक्तीने ते घेणे फेमा या परकीय चलनविषयक कायद्याच्या चौकटीत बसत नाही. बिल्डरची हप्त्यांची योजनाही नीट वाचावी. बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे देणे वेगळे आणि ताबा मिळाल्यावर पुढे तीन-चार वर्षे हप्ते भरणे वेगळे. दुसरा प्रकार उधारीचाच मानला जाऊ शकतो. प्रदर्शनाच्या टेबलावरच क्रेडिट कार्ड घासून बुकिंगची रक्कम घेतात, तेही टाळावे, कारण गुंतवणुकीचा पैसा बँकेमार्फत अर्ज भरूनच बाहेर जायला हवा. थोडक्यात, हे घर स्वतःच्या, साठवलेल्या पैशातून घ्यायचे आहे, आणि कर्जामुळे नफा वाढतो हे गृहकर्जाच्या अनुभवातून आलेले गणित इथे लागू पडत नाही.

पैसा पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर, कापते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला एका व्यक्तीमागे १० लाख रुपयांपर्यंत काही कापले जात नाही, त्यापुढच्या गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. आपल्या उदाहरणात दिरहम २४ रुपयांचा धरला तर ९ लाख ६० हजार दिरहम म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख रुपये. दोघांचे मिळून २० लाख वगळले, तरी जवळजवळ ४२ लाख रुपये टीसीएस म्हणून सरकारकडे जमा होतील. हा खर्च नाही. विवरणपत्रात तो करापोटी वळता होतो किंवा परत मिळतो. नोकरदाराला ऑक्टोबर २०२४ पासून पगारातून होणाऱ्या करकपातीतही त्याचा हिशेब धरायला लावता येतो. पण तोवर ४२ लाख रुपये आपल्याजवळ असावे लागतात आणि त्यावर व्याज मिळत नाही. मार्चमध्ये अर्धी आणि एप्रिलमध्ये अर्धी रक्कम पाठवली तर दोन आर्थिक वर्षांच्या मर्यादा आणि दोन वर्षांची सूट मिळते, म्हणून ज्यांना घाई नाही त्यांनी व्यवहार आर्थिक वर्षाच्या सीमेवर ठेवावा.

दुबईत परदेशी माणूस हवे तिथे घर घेऊ शकत नाही. २००२ मध्ये परदेशी नागरिकांना मालकी हक्काने घरे देण्याची घोषणा झाली आणि २००६ च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने ठरावीक भागांपुरती ती मुभा पक्की झाली. दुबई मरिना, डाउनटाउन, जुमेरा व्हिलेज सर्कल हे असे भाग. तयार घर असेल तर मालकीपत्र भूमी विभागाकडून मिळते. बांधकाम चालू असेल तर ऊकूद या तात्पुरत्या नोंदवहीत खरेदीदाराचे नाव चढते, आणि २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्यानुसार त्याचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो, म्हणजे केवळ त्याच प्रकल्पासाठी राखलेल्या, खात्यातच जावे लागतात. भूमी विभागाच्या दुबई रेस्ट या ॲपवर प्रकल्प आणि दलाल दोन्ही तपासता येतात. दलालाच्या किंवा बिल्डरच्या दुसऱ्या कोणत्याही खात्यात पैसे मागितले, तर कारण कितीही पटण्यासारखे असले तरी थांबावे.

भाड्यासाठी घेणाऱ्याने तयार घरच घ्यावे, असे माझे मत आहे. बांधकाम चालू असलेले घर स्वस्त दिसते आणि हप्ते सोपे वाटतात, पण ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य असते, आणि एकाच वेळी शेकडो फ्लॅट तयार होऊन बाजारात आले की पहिल्या वर्षी भाडे पाडून द्यावे लागते. तयार घरात निदान शेजारच्या फ्लॅटला आज काय भाडे मिळते, हे विचारता येते.

दुबईतली भाडेपद्धत आपल्या अकरा महिन्यांच्या करारापेक्षा वेगळी आहे. भाडे वर्षाचे ठरते आणि भाडेकरू पुढच्या तारखांचे चेक एकदम देतो. कोणी एकच चेक देतो, कोणी चार, कोणी बारा; चेक जितके कमी तितके भाडे थोडे उतरवून मागितले जाते. अनामत रक्कम रिकाम्या घराला वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के आणि सामानासह घराला १० टक्के, असा रिवाज आहे. करार इजारी या सरकारी नोंदणीत चढवला जातो आणि त्या नोंदीच्या आधारे भाडेकरूला वीज-पाण्याची जोडणी मिळते. भाडे वाढवण्यावर बंधन आहे. चालू भाडे त्या भागातल्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ करता येत नाही, आणि त्याहून अधिक कमी असेल तर टप्प्याटप्प्याने ५ ते २० टक्क्यांपर्यंतच करता येते. ही सरासरी मालक ठरवत नाही. भूमी विभाग ठरवतो आणि जानेवारी २०२५ पासून तिचा इमारतीच्या दर्जानुसार नवा निर्देशांक लागू झाला आहे. कराराच्या अटी बदलायच्या तर ९० दिवस आधी कळवावे लागते. घर विकायचे किंवा स्वतः राहायला हवे म्हणून भाडेकरूला उठवायचे, तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड टपालाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे भाडे वेगाने वाढत असताना जुन्या भाडेकरूचे भाडे मागेच राहते, आणि बाजार पडला की मात्र तो नूतनीकरणाच्या वेळी कमी करून मागतो. माहितीपत्रकातली भाडेवाढीची सरळ वर जाणारी रेघ पाहताना हे आठवावे.

खर्चात सर्वांत मोठा असतो सर्व्हिस चार्ज, म्हणजे आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा तिथला अवतार. तो चौरस फुटावर आकारतात आणि इमारतीगणिक बराच बदलतो. इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. दुबईतल्या अनेक इमारतींत घरोघरी एसी यंत्रे नसतात. मध्यवर्ती केंद्रातून थंड पाणी येते आणि त्यावर घर गार राहते. याला तिथे सगळे चिलर म्हणतात. भाड्याच्या जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असे लिहिलेले असते, तेव्हा भाडेकरूला त्याचे बिल येत नाही, कारण ते मालकाच्या सर्व्हिस चार्जमध्ये मिसळलेले असते. अशा घराचे भाडे जास्त दिसते आणि निव्वळ उत्पन्न मात्र शेजारच्या इमारतीएवढेच किंवा कमी निघू शकते. सर्व्हिस चार्जला तिथल्या नियामकाची, रेराची, मंजुरी लागते आणि इमारतनिहाय दर पाहता येतात. खरेदीआधी मागच्या दोन-तीन वर्षांचे दर मागून घ्यावेत.

आता आपल्या फ्लॅटचा हिशेब. वर्षाचे भाडे ६५ हजार दिरहम. किमतीच्या ९ लाखांवर ते ७.२ टक्के होते, आणि हाच तो माहितीपत्रकातला आकडा. भाडेकरू बदलताना घर रिकामे राहते म्हणून सरासरीने ६० हजार हाती येतात असे धरू. सर्व्हिस चार्ज चौरस फुटाला १५ दिरहम, म्हणजे १० हजार ५००. घर सांभाळणाऱ्या एजन्सीचे ५ टक्के, म्हणजे ३ हजार. दुरुस्ती आणि रंगकामाला २ हजार ५००. उरले ४४ हजार. आपण गुंतवलेली रक्कम ९ लाख नाही, ९ लाख ६० हजार आहे; तीवर हे ४.६ टक्के होतात.

यानंतर भारतातला आयकर येतो. निवासी भारतीयाचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असल्यामुळे दुबईच्या भाड्यावर इथे कर लागत नाही, ही समजूत दूरवर पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा व्हावा, हा तिचा आधार असू शकतो. पण दुबई व्यक्तीच्या भाड्यावर आयकर घेतच नाही, तेव्हा वजा करायला काही नसते. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. सर्व्हिस चार्ज किंवा एजन्सीचा खर्च निराळा वजा होईल, असे धरून चालू नये. ६० हजारांतून ३० टक्के गेले, ४२ हजार करपात्र राहिले. वरच्या टप्प्यातल्या करदात्याला उपकरासह ३१.२ टक्के धरले तर कर होतो सुमारे १३ हजार १०० दिरहम. हातात राहतात ३० हजार ९०० दिरहम, म्हणजे गुंतवणुकीच्या ३.२ टक्के. रुपयांत सांगायचे तर २ कोटी ३० लाख गुंतवून वर्षाला ७ लाख ४० हजारांच्या आसपास. दोघांपैकी एक जण निवृत्त असेल आणि कराच्या खालच्या टप्प्यात असेल तर आकडा थोडा सुधारतो, म्हणून मालकीतला वाटा ठरवताना पैसा कोणाचा आहे आणि कर कोणाला किती लागतो या दोन्हींचा विचार करावा.

कराहूनही ज्याची मला अधिक काळजी वाटते, ती गोष्ट विवरणपत्रातील नोंदीची आहे. परदेशातले घर आणि तिथले बँक खाते ही दोन्ही विवरणपत्राच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवावी लागतात, भाडे आलेले असो वा नसो. ही माहिती एप्रिल-मार्च अशी मागितली जात नाही, जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची द्यावी लागते, आणि इथेच प्रामाणिक माणसेही चुकतात. बांधकाम चालू असलेल्या घरातला हक्कही दाखवावा. २०१५ च्या काळा पैसाविरोधी कायद्यानुसार नोंद न केल्यास १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तांना या दंडातून सवलत मिळाली, पण स्थावर मालमत्ता तिच्यातून वगळलेली आहे. शिवाय दुबईच्या खात्यात साचलेले भाडे नियमांत बसेल अशा रीतीने पुन्हा गुंतवले नसेल, तर ते १८० दिवसांत भारतात आणायचे असते. भाडे तिथेच पडू द्यावे आणि वर्षाकाठी सहलीला वापरावे, असा बेत बऱ्याच जणांच्या मनात असतो. त्यांनी आधी सनदी लेखापालाला विचारावे.

३.२ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कोणी का करावा? माझ्या मते याचे एकच प्रामाणिक उत्तर आहे. दिरहम डॉलरला बांधलेला असल्यामुळे हे घर म्हणजे डॉलरमध्ये ठेवलेली बचत आहे. २०१४ मध्ये दिरहम साधारण साडेसोळा रुपयांना मिळत होता, २०२४ मध्ये तो पावणेतेवीसच्या आसपास होता. घराची दिरहममधली किंमत दहा वर्षांत जराही वाढली नाही असे धरले, तरी रुपयांत ती वर्षाला तीन टक्क्यांहून थोडी अधिक वाढली. मुलगी परदेशात शिकणार आहे, म्हातारपणी काही काळ आखातातल्या मुलाजवळ राहायचे आहे, म्हणजे पुढचा खर्चच परकीय चलनात आहे, अशा कुटुंबाला याचा उपयोग खरा आहे. ज्याचा सगळा खर्च सांगली-साताऱ्यात रुपयांतच होणार आहे, त्याला तो तेवढा नाही.

आणि दिरहममधली किंमत खालीही जाते. २००८ च्या शिखरानंतर दुबईतल्या घरांच्या किमती दोन-तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास आल्या; नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने कर्जफेडीला मुदत मागितली तेव्हा कितीतरी प्रकल्प अर्धवट उभे होते. पुन्हा २०१४ मध्ये शिखर आले आणि त्यानंतर २०२० पर्यंत किमती सावकाश उतरत राहिल्या. २०२१ पासून त्या वेगाने चढल्या आणि आजची सगळी माहितीपत्रके याच चढावाचे आलेख छापतात. वाळवंटात जमिनीची टंचाई नसते, नवी इमारत उभी राहायला वेळ लागत नाही, आणि नोकऱ्या कमी झाल्या की तिथली परदेशी वस्ती आपापल्या देशी परतते. म्हणून निदान दहा वर्षे पैसा अडकवून ठेवण्याची तयारी असेल आणि मधल्या पाच वर्षांत किंमत खाली गेली तरी विकण्याची गरज पडणार नसेल, तरच या वाटेला जावे.

दुसरे देश निवडले तर चित्र बदलते, ते बहुधा कडक होते. इंग्लंडमध्ये अनिवासी खरेदीदाराला एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कावर २ टक्के जादा द्यावे लागतात, दुसऱ्या घराचा अधिभार निराळा, आणि भाड्यावर तिथलाही आयकर आहे, जो मग इथल्या करातून वजा मागता येतो. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून मार्च २०२७ पर्यंत परदेशी व्यक्तींना जुनी घरे विकत घेण्यास मनाई केली आहे.

गोल्डन व्हिसाबद्दल खूप विचारले जाते. २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा निवासी व्हिसा मिळतो. ही रक्कम ५ लाख ४४ हजार डॉलर होते, म्हणजे पती-पत्नी दोघांची एका वर्षाची मर्यादाही तिला पुरत नाही. आणि व्हिसा हाती आला म्हणून भारतातला कर टळत नाही. आयकरासाठी माणूस वर्षात किती दिवस कुठे राहिला हे पाहिले जाते, पासपोर्टवर कोणता शिक्का आहे हे नाही.

घर विकताना दोन वर्षांहून अधिक काळ ठेवले असेल तर नफ्यावर इथे १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली कर लागतो. त्या नफ्यातून दुसरे घर घेऊन कर वाचवायचा असेल, तर ते घर भारतातच असावे लागते. दुबईतले विकून दुबईतच मोठे घेतले तर ही सवलत मिळत नाही.

शेवटचा कागद मृत्युपत्राचा, आणि तो खरेदीच्याच दिवसांत करावा. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या तिथल्या नव्या कायद्यानुसार बिगरमुस्लिम व्यक्तीचे मृत्युपत्र नसेल तर अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि अर्धी मुलांना समान वाटून जाते. हे अनेकांना मान्यही असेल. पण मालकाचा आकस्मिक मृत्यू झाल्यावर पुण्यात बसलेल्या पत्नीला तिथल्या न्यायालयातून आदेश, इथल्या दाखल्यांचे साक्षांकन आणि अरबी भाषांतर हे सगळे करावे लागते, आणि तोवर घर विकता येत नाही. दुबईच्या डीआयएफसी या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राच्या न्यायालयाकडे २०१५ पासून बिगरमुस्लिमांसाठी इंग्रजीत मृत्युपत्र नोंदवता येते. पुण्यात केलेल्या मृत्युपत्रात दुबईच्या घराचा उल्लेख असेल, तर दोन्ही कागद एकमेकांना रद्द करत नाहीत ना, हे वकिलाकडून पाहून घ्यावे, आणि मालकीपत्राची प्रत, सर्व्हिस चार्जच्या खात्याचा क्रमांक व एजन्सीचा करार घरातल्या दुसऱ्या माणसाला सापडेल अशा एकाच फाइलमध्ये ठेवावा.